न छापलेल्या बातमीची वही: जिल्हा-तालुक्याच्या पत्रकारितेतली स्व-सेन्सॉरशिप ओळखायची आणि कमी करायची कशी

वकिलाच्या नोटिशीमुळे किंवा धमकीमुळे बातमी थांबली, तर ती थांबली हे निदान चार जणांना कळतं. स्व-सेन्सॉरशिपमध्ये ते कोणालाच कळत नाही. वार्ताहराच्या हातात कागद असतो, पण तो बातमी सुचवतच नाही. कॉपीत, म्हणजे वार्ताहराने पाठवलेल्या मजकुरात, नाव असतं, ते डेस्कवर, म्हणजे संपादनाच्या टेबलावर, कोणी न सांगता गळून पडतं. महिनाअखेरीस विचारलं तर 'आमच्याकडे कसलाही दबाव नाही' असं उत्तर मिळतं, आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. दबाव त्याला आठवतच नाही, कारण निर्णय झाला त्या क्षणी तो कुठे लिहिला गेला नाही. म्हणून इथे दिलेल्या पद्धतीची सुरुवात नोंदीपासून होते. धाडस वाढवा असं सांगून काही होत नाही. कुठली बातमी, कोणत्या टप्प्यावर, कशामुळे गळली हे कागदावर आलं की त्यातल्या बऱ्याच गळत्या बुजवता येतात.

ही माहिती तालुका वार्ताहर, शहर प्रतिनिधी, उपसंपादक आणि आवृत्तीप्रमुख यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. मोठ्या शहरातल्या वाहिन्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात. वहीची पद्धत मात्र तिथेही चालते.

आधी संपादकीय विवेक बाजूला काढा

जे छापलं नाही ते सगळं स्व-सेन्सॉरशिपमध्ये मोजू नका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आणि पोक्सोचं कलम २३ लागू होतं. इथे फक्त नाव वगळून भागत नाही. गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, घराचा फोटो यांतूनही ओळख पटते. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन टाळणं किंवा दंगलीच्या दिवशी खातरजमा न झालेली क्लिप न वापरणं हाही विवेकच आहे.

गोंधळ होतो तो याच्या पलीकडच्या बातम्यांत. तिथे सगळ्यात भरवशाची कसोटी नाव बदलून बघण्याची. कॉपीतल्या माणसाच्या जागी दुसरा माणूस ठेवा. नगरसेवकाच्या मुलाच्या गाडीने अपघात केला असेल, तर त्याच्या जागी टेम्पोचालक ठेवा. खासगी रुग्णालयात हलगर्जी झाली असेल, तर तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र ठेवा. आता नाव छापलं असतं का? मथळा किती कॉलमी झाला असता? उत्तर बदललं, तर नाव न छापण्याचं कारण विवेक नाही. ही कसोटी उलट बाजूनेही लावा. गरीब आरोपीचं नाव, फोटो, पत्ता आपण काही विचार न करता छापतो आणि वजनदार माणसाच्या वेळी 'अजून गुन्हा सिद्ध झालेला नाही' हे आठवतं. दुसऱ्या वेळी आठवलेला नियम बरोबरच आहे. तो पहिल्या वेळीही लागू करायला हवा होता.

कॉपीतल्या खुणा

स्व-सेन्सॉरशिप मराठी वाक्यात कशी दिसते हे एकदा डोळ्यात बसलं की पान वाचतानाच सापडते. मागच्या ३० दिवसांचे अंक घ्या, लाल पेन घ्या आणि पुढच्या जागांवर खूण करा.

'एका बड्या नेत्याच्या', 'एका नामांकित शिक्षण संस्थेत', 'संबंधित ठेकेदाराने'. अख्ख्या तालुक्याला कोण ते माहीत असतं, फक्त बातमीला माहीत नसतं.

'अशी चर्चा परिसरात रंगली आहे', 'नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे', 'प्रशासनाने दखल घ्यावी अशी मागणी जोर धरत आहे'. अशा वाक्यांना कर्ता नसतो. वार्ताहराला जे ठाऊक आहे ते तो अनामिक नागरिकांच्या तोंडी घालतो. त्यातून वाचकाला माहिती मिळत नाही आणि वार्ताहराला कायद्याचं संरक्षणही मिळत नाही.

शब्दांची उतरंड बघा. वार्ताहराच्या कॉपीत 'अपहार' असतो, डेस्कवर 'गैरव्यवहार' होतो, पान लागेपर्यंत 'अनियमितता' होते आणि मथळ्यात 'त्रुटी' येते. चौकशी अहवालातला नेमका शब्द कोणता आहे ते पाहून तोच वापरायचा असा नियम केला की ही घसरण थांबते. अहवालातच 'अनियमितता' असेल तर आपणही 'अपहार' लिहायचं नाही.

सगळ्यात चलाख खूण म्हणजे नावाची जागा. नाव कॉपीत असतं, पण शेवटच्या परिच्छेदात. जाहिरात आली, जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो. नाव जातं आणि कोणी ते कापलं असं म्हणता येत नाही. नाव बातमीसाठी आवश्यक असेल तर ते इंट्रोत (बातमीच्या पहिल्या परिच्छेदात) किंवा दुसऱ्या परिच्छेदात हवं. आवृत्तीप्रमुखाने हा नियम लेखी दिला तर वार्ताहराचा भार हलका होतो, कारण मग नाव वर घेण्याचा निर्णय त्याचा एकट्याचा राहत नाही.

उरली वेळेची खूण. 'उद्या बघू', 'सर्वसाधारण सभा होऊ दे', 'सणाचे दिवस आहेत'. दैनिकात होल्डवर ठेवलेली बातमी तीन दिवसांनी जवळजवळ मेलेलीच असते.

अंकात न दिसणारा, पण बहुधा सगळ्यात मोठा हिस्सा न सुचवलेल्या बातम्यांचा असतो. त्यासाठी पुढे वही आहे.

कारण शोधताना आधी पैशाचा हिशोब मांडा

शहरातल्या चर्चासत्रांत सरकार, कायदे आणि ट्रोल यांवर बरंच बोललं जातं. तालुक्यात पहिलं कारण साधं असतं. बातमी लिहिणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच असतो. अनेक ठिकाणी अंकाची एजन्सीही त्याच्याच घरात असते. मानधन तुटपुंजं असतं, खरी कमाई जाहिरातीच्या टक्केवारीतून होते. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट असतं, दिवाळीचं असतं, नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा जाहिराती असतात. ज्या नगराध्यक्षाच्या कारभारावर सोमवारी लिहायचं, त्याच्याकडे गुरुवारी अर्ध्या पानासाठी जायचं.

यातला एक धागा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, तो उधारीचा. जाहिरात छापून येते, बिल थकतं, आणि वसुली होईपर्यंत ती रक्कम वार्ताहराच्या नावावर बाकी दिसते. काही ठिकाणी ती त्याच्या कमिशनमधून वळतीही होते. म्हणजे जाहिरातदाराला धमकी द्यायची गरजच नसते. त्याने पैसे थकवले की वार्ताहर बांधला जातो. एखाद्या वार्ताहराच्या बातम्यांत विशिष्ट नाव कधीच का येत नाही हे समजत नसेल, तर आधी त्याच्या थकबाकीची यादी मागवा.

इथे करता येण्यासारखं पुष्कळ आहे. थकबाकी वार्ताहराच्या नावावरून काढून जाहिरात विभागाच्या नावावर टाका. ज्या व्यक्तीबद्दल किंवा संस्थेबद्दल बातमी चालू आहे, तिच्याकडे त्याच वार्ताहराने पुढचे ३० दिवस जाहिरातीसाठी जायचं नाही. ते काम शेजारच्या तालुक्याच्या प्रतिनिधीला द्या आणि कमिशन मूळ वार्ताहरालाच मिळू द्या. हे शेवटचं कलम विसरलं की योजना फसते. बातमी दिली म्हणून उत्पन्न बुडालं, असा अनुभव एकदा आला की पुढची बातमी येत नाही.

सरकारी जाहिरातींचं गणित वर ठरतं. यादीतला समावेश, अ-ब-क वर्ग, श्रेणीवाढ, दर, यांवर लहान दैनिकं आणि साप्ताहिकं जगतात. मालकाला या यादीची धास्ती असते आणि ती न बोलता खाली उतरते. मालकाचा स्वतःचा साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षण संस्था किंवा बांधकाम व्यवसाय असेल तर ती क्षेत्रं आपोआप वर्ज्य होतात. अशा वेळी 'आपण यावर लिहीत नाही' अशा विषयांची यादी संपादकाने मालकाकडून स्पष्ट वदवून घ्यावी. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण न सांगितलेली यादी नेहमी सांगितलेल्या यादीपेक्षा लांब असते. मालकाला एक कारखाना झाकायचा असतो आणि कर्मचारी अंदाजाने सगळं सहकार क्षेत्र सोडून देतात.

पैशाचा प्रश्न फक्त खालच्या पातळीवरचा नाही. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, भारतीय प्रेस कौन्सिलच्याच उपसमितीने ७१ पानी अहवाल तयार केला होता. वृत्तपत्रांची नावं असलेला तो अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये बाजूला ठेवला आणि नावं गाळून छोटा अहवाल काढला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये संकेतस्थळावर आला. नाव गाळण्याची सवय किती वरपर्यंत पोचते ते यातून कळतं.

पैशाखालोखाल बीटवरचं, म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेल्या क्षेत्रावरचं, अवलंबन येतं. गुन्हे वार्ताहराला रोज पोलीस ठाण्यात जायचं असतं. ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून टाकलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं पान रिकामं. कोठडीतल्या मारहाणीची बातमी त्याच्याकडून येणार नाही, आणि त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उपाय म्हणजे बीटमधली टीकात्मक बातमी बीटच्या बाहेरच्या माणसाने करणं. पोलिसांची बातमी शिक्षण बीटवाल्याने, जिल्हा परिषदेची गुन्हे वार्ताहराने. बायलाइन (बातमीवरचं नाव) 'विशेष प्रतिनिधी'ची. अशी अदलाबदल तिमाहीत निदान दोन-तीन वेळा झाली तर अधिकाऱ्यांनाही तिची सवय होते.

नातं, जात, गाव ही कारणं फार न बोलता कामाला लागतात. त्यांच्यावर एकच उपाय चालतो. वार्ताहराने 'हे माझे पाहुणे आहेत' किंवा 'हा माझ्या समाजाचा विषय आहे, मला त्रास होईल' असं सांगितलं, तर ते कमीपणाचं न मानता बातमी दुसऱ्याकडे द्यायची. सांगण्याची सोय नसेल तर बातमी नुसतीच नाहीशी होते. महिला पत्रकारांच्या बाबतीत ट्रोलिंगचा मजकूर बातमीवर नसतो, शरीरावर आणि घरच्यांवर असतो. त्या विषय बदलतात, पण कारण सांगत नाहीत. त्यांच्या खात्यावर आलेल्या अशा मजकुराचे स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक जपून ठेवण्याचं काम कार्यालयातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं. ते सगळं पुन्हा वाचायची वेळ तिच्यावर आणू नये.

वही कशी ठेवायची

एक साधी रजिस्टर वही पुरते. संगणकावर ठेवायची तर पासवर्ड दोघांकडेच असावा. रकाने सहा: तारीख, विषय एका ओळीत, बातमी कुठे थांबली (सुचवलीच नाही / डेस्क / संपादक / मालक), सांगितलेलं कारण, खरं वाटणारं कारण, पुन्हा बघायची तारीख.

नोंदीचा नमुना असा: '१२ जून. प्रभाग ६ रस्त्याचं देयक, काम अपूर्ण. डेस्क. सांगितलेलं कारण: जागा नाही. खरं वाटणारं: ठेकेदाराची वर्धापनदिनाची जाहिरात. पुन्हा: १९ जून.'

चौथा आणि पाचवा रकाना वेगळे असणं हा या वहीचा प्राण आहे. 'जागा नाही' आणि 'पुरावा कमी आहे' ही दोन कारणं सगळ्यात जास्त येतील. ती कधीकधी खरीही असतात. पुरावा कमी असेल तर नेमका कोणता कागद हवा ते त्याच ओळीत लिहायचं. कागदाचं नाव लिहिता येत नसेल तर 'पुरावा कमी' हे निमित्त होतं असं समजायला हरकत नाही.

दर आठवड्याला २० मिनिटांची बैठक, तिघांची: एक वार्ताहर, एक डेस्कवरचा, एक आवृत्तीप्रमुख. आठवड्यात पाचसहा नोंदी आल्या तर वही नीट चालली आहे. एकही आली नाही तर लोक लिहीत नाहीत. तेव्हा आवृत्तीप्रमुखाने पहिली नोंद स्वतःच्या निर्णयाची करावी, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते.

वही बिघडते ती तीन प्रकारे. सूत्राचं नाव त्यात लिहिलं जातं. हे अजिबात नको, आद्याक्षरही नको, कारण वही न्यायालयात किंवा पोलिसांच्या हाती जाऊ शकते आणि पत्रकाराला सूत्र लपवण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. दुसरं, वही वार्षिक मूल्यमापनात वापरली जाते आणि त्या दिवसापासून खरं कारण लिहिणं बंद होतं. तिसरं, तिच्या पानांचे फोटो बाहेर जातात. म्हणून पाचव्या रकान्यात कोणावर आरोप होईल असं वाक्य नको. 'जाहिरात', 'बीट', 'नातं', 'नोटीस', 'धमकी', 'मालक' असे ठरलेले शब्दच वापरा. वरच्या नमुन्यातलं कारणही प्रत्यक्ष वहीत नुसतं 'जाहिरात' एवढंच लिहावं.

कागद हातात असला की भीती कमी होते

बऱ्याच गळत्यांच्या मुळाशी अर्धवट पुरावा असतो. वार्ताहराला गोष्ट माहीत असते, सिद्ध करता येत नाही, आणि मग तो एकतर सोडून देतो किंवा 'चर्चा आहे' असं लिहितो. रस्त्याच्या कामाचंच घ्या. लागणारे कागद ठरलेले आहेत: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, साहित्याच्या चाचणीचा अहवाल, देयकं. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-जाडी आणि प्रत्यक्ष टेपने मोजलेली लांबी-जाडी यांतला फरक म्हणजे बातमी. मोजताना दोन माणसं, तारीख-वेळेसह फोटो आणि निदान तीन वेगळ्या जागा हव्यात. एका जागचं मोजमाप ठेकेदार सहज उडवून लावतो.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांचा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला तर अपिलात कलम ८(२) चा आधार घ्या. व्यापक सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते असं ते कलम सांगतं. याहून वेगवान वाट म्हणजे नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं त्यात म्हटलं आहे. त्याचा वापर फार कमी होतो. जाताना शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा, कारण समोरच्या कर्मचाऱ्याला तो माहीत असेलच असं नाही.

कागद सूत्राकडून मिळाला असेल तर तोच अधिकृतपणे मागवा, पण फक्त तोच मागू नका. त्या वर्षातल्या त्या प्रभागातल्या सगळ्या कामांची यादी मागा, म्हणजे कोणत्या टेबलावरून कागद बाहेर आला ते कळणार नाही. मिळालेल्या झेरॉक्सचा फोटो छापू नका. आवक क्रमांक, पेनाची खूण, झेरॉक्स यंत्राची काळी रेघ यांवरून कार्यालयातला माणूस शोधला जातो. मजकूर नव्याने टाइप करून चौकटीत द्या. तो कागद ज्यांच्याकडे जाऊ शकतो अशी दोनच माणसं कार्यालयात असतील, तर अधिकृत प्रत येईपर्यंत थांबणंच योग्य. वहीत कारण 'सूत्र' असं लिहा आणि पुढची तारीख टाका.

समोरच्याची बाजू लेखी मागवा. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर क्रमांक घातलेले प्रश्न, साध्या बातमीला २४ तास, गुंतागुंतीच्या बातमीला ४८ तास. फोन केला तर वेळ टिपा. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य किमान तीन प्रयत्नांची नोंद असल्याशिवाय लिहू नका. संध्याकाळी सातला एक मिस्ड कॉल देऊन हे वाक्य टाकलं, तर न्यायालयात तेच तुमच्या सद्भावनेविरुद्ध वापरलं जाईल.

नाव न घेतल्याने वाचतो, हा गैरसमज

'नाव घेतलं नाही म्हणजे अब्रुनुकसानीचा दावा होत नाही' ही समजूत वार्ताहरांत घट्ट बसली आहे आणि ती चुकीची आहे. ओळखणाऱ्याला ओळख पटली तर दावा होऊ शकतो. उलट तालुक्यात तीन ठेकेदार असतील आणि तुम्ही 'एका ठेकेदाराने' लिहिलं, तर ज्याचा संबंध नाही असे दोघेही तक्रार घेऊन उभे राहू शकतात. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकल्यानेही सुटका होत नाही. 'सूत्रांनी सांगितले' म्हटलं तरी आरोप छापण्याची जबाबदारी तुमचीच राहते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. त्यातले अपवाद प्रत्येक वार्ताहराने एकदा तरी शब्दशः वाचावेत. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य, लोकसेवकाच्या सार्वजनिक कामावर सद्भावनेने व्यक्त केलेलं मत, न्यायालयीन कामकाजाचा बव्हंशी अचूक वृत्तांत हे त्यांतले तुमच्या रोजच्या कामाचे. सद्भावना म्हणजे योग्य काळजी घेतल्याचा पुरावा, आणि तो वरच्या परिच्छेदांतल्या कागदांतून उभा राहतो. आर. राजगोपाल खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. सरकार आणि स्थानिक संस्था अब्रुनुकसानीच्या भरपाईचा दावा लावू शकत नाहीत. आणि अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल रास्त पडताळणी करून लिहिलं असेल, तर चूक निघाली तरी दावा टिकायला अवघड जातं. मुख्याधिकारी 'नगरपरिषदेची बदनामी' म्हणून दटावतात तेव्हा हा निकाल आठवावा.

लिहिताना प्रत्येक आरोपाला मालक द्या: 'तक्रारीत म्हटले आहे', 'लेखापरीक्षण अहवालाच्या पान १४ वर नमूद आहे', 'आमच्या मोजणीत आढळले'. पुढच्या दोन वाक्यांतला फरक बघा.

आधी: 'शहरातील एका रस्त्याच्या कामात मोठा घोळ झाल्याची चर्चा असून संबंधितांवर कारवाईची मागणी होत आहे.'

नंतर: 'प्रभाग ६ मधील रस्त्याची लांबी मोजमाप पुस्तिकेत ४२० मीटर आहे. प्रत्यक्ष मोजणीत ती ३१० मीटर भरली. देयक ४२० मीटरचे अदा झाले आहे.'

दुसऱ्यात 'घोळ' हा शब्दच नाही. खाली ठेकेदार कंपनीचं नाव, बिलावर सही करणाऱ्या अभियंत्याचं पद आणि त्यांचं उत्तर द्या. कायद्याच्या दृष्टीने दुसरी कॉपी पहिलीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

वकिलाची नोटीस आली तर

नोटीस म्हणजे खटला नव्हे. सात किंवा पंधरा दिवसांची मुदत पाठवणाऱ्या वकिलाने ठरवलेली असते. पाकीट जपून ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा. पाठवणाऱ्याला फोन करू नका, समाजमाध्यमांवर टाकू नका. वेबवरची बातमी गुपचूप बदलू किंवा काढू नका, कारण तो कबुलीजबाब धरला जाऊ शकतो. बातमीची छापील प्रत घेऊन आक्षेपाच्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि समोर पुराव्याचं नाव लिहा. हा एक कागद वकिलाकडे गेला की उत्तर तासाभरात तयार होतं. एखाद्या वाक्याला पुरावा निघाला नाही, तर चूक मूळ बातमी आली त्याच पानावर, ठळक दिसेल अशी दुरुस्त करा. बाकीच्या बातमीवर ठाम राहा. एका चुकीपायी अख्ख्या बातमीची माफी मागणं ही नोटिशीनंतरची सगळ्यात नेहमीची स्व-सेन्सॉरशिप आहे.

भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात लावावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून टिपणवह्या, ईमेल, रेकॉर्डिंग किमान तीन वर्षं, शक्य तर चार वर्षं ठेवा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम २२३ प्रमाणे खासगी तक्रारीची दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी आरोपीचं म्हणणं ऐकायचं असतं. पहिली संधी तिथेच मिळते, ती वाया घालवू नका. बातमी छापू नये म्हणून मनाई हुकूम मागितला गेला, तर ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणातला मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला दाखवा. पूर्ण सुनावणीआधी असे हुकूम अपवादानेच द्यावेत असं त्यात म्हटलं आहे.

धमकी आणि हल्ला

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारीशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. जिवाला धोका दिसत असेल तर थांबण्याला भित्रेपणा म्हणू नका. माणूस सुरक्षित करा आणि बातमी दुसऱ्या वाटेने न्या. सगळ्यात उपयोगी वाट म्हणजे तीन-चार दैनिकांनी तीच बातमी एकाच दिवशी छापणं. एकट्याला गप्प करून काही साधत नाही हे समोरच्याला दिसलं पाहिजे. स्पर्धेपायी हे होत नाही, म्हणून तालुका पत्रकार संघाने आधीच ठरवून ठेवावं. धोक्याच्या बातमीला जिल्ह्याच्या कार्यालयाची बायलाइन द्यावी, स्थानिक वार्ताहराची नको.

महाराष्ट्रात पत्रकार आणि माध्यमसंस्थांवरील हल्ले रोखण्याचा २०१७ चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. दोन अडचणी मात्र येतात. हा कायदा नियमित किंवा कंत्राटी नेमणूक असलेल्या पत्रकाराला लागू होतो, आणि तालुका वार्ताहराकडे अनेकदा नेमणुकीचं साधं पत्रही नसतं. ते आजच मागून घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का हवा. दुसरं म्हणजे हा कायदा हिंसेवर आणि मालमत्तेच्या नुकसानीवर आहे. नुसत्या धमकीला न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं, आणि ठाण्यात ती बहुतेकदा अदखलपात्र म्हणून नोंदवली जाते. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, तीच प्रत पोलीस अधीक्षकांना ईमेलने पाठवा. दखलपात्र प्रकार असून गुन्हा नोंदवला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांकडे टपालाने तक्रार आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज असा क्रम आहे. प्रेस कौन्सिलकडेही तक्रार करता येते. तिला शिक्षेचा अधिकार नाही, पण ती जिल्हा प्रशासनाकडून उत्तर मागवू शकते आणि ती नोंद पुढे उपयोगी पडते.

तीन महिन्यांनी

वही तीन महिने चालली की पाचव्या रकान्यातले शब्द मोजा. 'जाहिरात' पुढे असेल तर उधारीचा आणि ३० दिवसांचा नियम तपासा. 'बीट' पुढे असेल तर अदलाबदल वाढवा. 'नोटीस' पुढे असेल तर वकिलाला महिन्यातून एकदा कार्यालयात बसवा आणि छापण्याआधीच्या कॉप्या दाखवा. तालुक्यातल्या पाच-सात दैनिकांनी मिळून एकच वकील ठरवला तर खर्चही वाटला जातो. एकाच माणसाचं किंवा संस्थेचं नाव विषयाच्या रकान्यात तीनपेक्षा जास्त वेळा आलं, तर ती सुटी बातमी राहिली नाही. दोन माणसं आणि चार आठवडे देऊन मालिका म्हणून ती करायला घ्या. पहिला भाग तेव्हाच छापा, जेव्हा उरलेल्या भागांचे कागद हातात असतील. पहिल्या भागानंतर येणाऱ्या फोनवर बाकीचे भाग थांबतात, हे जवळजवळ ठरलेलं आहे.